घंटेच्या खोऱ्याचं व्याख्यान

सुंदर अक्कांनी जग पाहिलेलं होतं, आणि त्याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती. जळगावची बाकीची माणसं फार तर ओंकारेश्वर करून यायची आणि वर्षभर तेच सांगत बसायची. अक्का दुपारचं जेवण झालं, ओटा पुसला की निघायच्या आणि चहाच्या वेळेला परत यायच्या. तेवढ्यात त्यांनी बर्फाचा एखादा डोंगर ओलांडलेला असायचा.

अक्का म्हणजे सुंदरबाई चौधरी. निवृत्त होईपर्यंत त्यांनी एरंडोलला एका शाळेत भूगोल शिकवला. टुंड्रा, गवताळ प्रदेश, ज्वालामुखी, सगळं त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवून मुलांच्या डोक्यात बसवलं. स्वतः मात्र त्या नाशिकच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. नाशिकला मुलगी दिलेली होती, म्हणून तेवढं तरी झालं.

त्याच शाळेचे मुख्याध्यापक तोताराम सर. सर एकदा नेपाळला जाऊन आले होते, आणि त्या एका सहलीवर त्यांनी आख्खं उरलेलं आयुष्य काढलं होतं. लग्न असो, बारसं असो, शिक्षकांची सभा असो, सर बोलायला उठले की काठमांडू यायचंच. निवृत्तीनंतर दोघंही जळगावात एकाच कॉलनीत राहायला आले, आणि नेपाळही त्यांच्यामागोमाग आलं. अक्का ते ऐकून घ्यायच्या. दुसरं करणार काय? सर गेले होते आणि त्या गेल्या नव्हत्या.

मग सत्त्याण्णव साली अक्कांच्या मुलानं, रूपचंदनं, घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचे क्लास सुरू केले. काचेचं दार, जाड पडदे, कॉम्प्युटरवर प्लास्टिकची झूल, आणि चपला बाहेर काढायच्या, अशी देवघरासारखी शिस्त. दुपारी बॅच नसायची. आईची माउसची भीती मोडावी म्हणून रूपचंदनं एक दिवस तिला एक गेम लावून दिला. कुठल्याशा कल्पनेतल्या राज्यात एक तलवारवाला प्रवासी असतो, त्यानं जंगलं, डोंगर, वाळवंटं पार करत जायचं आणि शेवटी राक्षसांच्या राजाला मारायचं.

"नाही मारला तर चालेल का?" अक्कांनी विचारलं.

"मग खेळायचं कशाला, आई?"

"फिरायला."

त्या राज्याचा एक नकाशा होता. जिथे आपण गेलो नाही तो भाग काळा, आणि पाऊल टाकलं की तेवढा उजेड पडायचा. नदी दिसायची, टेकडी दिसायची, पायवाट दिसायची. काळा नकाशा पाहून अक्का खुर्चीत सरसावून बसल्या. जन्मभर त्यांनी दुसऱ्यानं काढलेले नकाशे शिकवले होते. हा पहिलाच नकाशा होता जो त्यांच्या पायाखाली तयार होत होता.

क्लासची मुलं तो गेम खेळायची ती मारामारीसाठी. राक्षस दिसला की तलवार. अक्का राक्षस दिसला की वाट वाकडी करून जायच्या. त्यामुळे उन्हाळा लागेपर्यंत त्यांच्या तलवारीला एक थेंब रक्त लागलं नव्हतं आणि नकाशा मात्र जवळपास सगळा उजळला होता. त्यांचे आवडते प्रदेश ठरून गेले होते. मिठाचं पठार त्यांना सकाळच्या उन्हात आवडायचं, कारण तेव्हा ते गुलाबी दिसायचं. दलदलीबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. तिथली झाडं आपण पाठ फिरवली की जागा बदलतात आणि माणसानं वाटा लक्षात ठेवायच्या कशा? पण सगळ्यांत वरचा नंबर घंटेच्या खोऱ्याचा. चारी बाजूंनी बर्फाचे डोंगर, मध्ये गोठलेलं तळं, तळ्याच्या तळाशी बुडालेलं गाव, आणि वारा सुटला की त्या गावातली घंटा बर्फाखालून वाजायची. अक्का प्रवाशाला काठावर उभं करायच्या, मांडीवर ताट घ्यायच्या आणि घंटा ऐकत तांदूळ निवडत बसायच्या.

घोटाळा झाला तो गच्चीवर. मे महिना, ज्वारीच्या बिबड्या पापडांसारख्या वाळत घातलेल्या, आणि ऊन असं की बिबड्यांबरोबर माणूसही वाळावं. शेजारच्या द्रौपदाबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "काय तपी ऱ्हायनं व माय."

"घंटेच्या खोऱ्यात गेले होते तेव्हा गुडघाभर बर्फ होता," अक्का सहज बोलून गेल्या.

द्रौपदाबाईंचा पदर थांबला. "कोठे शे हाई?"

"लांब आहे. मिठाचं पठार ओलांडून जावं लागतं."

"तुम्ही जाई उन्यात?" द्रौपदाबाई जवळ सरकल्या. मग एकदम त्यांना उलगडा झाल्यासारखं झालं. "म्हंजे दिवाळीले नासिकले नव्हत्याच तुम्ही! महिनाभर दिसन्याच नही. परदेशले गया व्हतात, आन आम्हले सांगं बी नही."

अक्का खरं सांगणारच होत्या. शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात द्रौपदाबाई पुढे म्हणाल्या, "तोताराम सरसना नेपाळपेक्षा लांब शे का?"

"नेपाळ काय घेऊन बसलात," अक्का म्हणाल्या, आणि बिबडी उलटली.

संध्याकाळपर्यंत कॉलनीला कळलं. दोन दिवसांत महिला मंडळाच्या अध्यक्ष लिलाबाई दारात हजर. मंडळानं अक्कांचं व्याख्यान ठरवलं होतं, 'माझा परदेश प्रवास'. अध्यक्षस्थानी तोताराम सर. नाही म्हणायला अक्कांनी तोंड उघडलं, पण फलक रंगवून झाला होता आणि त्यावर त्यांचं नाव सरांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होतं. अक्कांनी तोंड मिटलं.

अक्कांचे यजमान जीवराम नाना रेल्वेतून निवृत्त झालेले. बोदवड स्टेशनवर असताना गाडी येण्याजाण्यापुरतंच बोलायची त्यांना सवय लागली होती. "आता?" त्यांनी विचारलं.

"एक शब्दही खोटा बोलणार नाही," अक्का म्हणाल्या. "जे पाहिलं तेच सांगेन. देश कोणता, हे कोणी विचारलं तर बघू."

"विचारतील," नाना म्हणाले आणि पेपर वर धरला.

व्याख्यानाला सभागृह भरलं. फैजपूरहून अक्कांची धाकटी बहीण भागाबाई शेजारणींना घेऊन आली होती. अक्का उभ्या राहिल्या, आणि वर्गात उभ्या राहायच्या तशाच उभ्या राहिल्या. मिठाच्या पठारापासून त्यांनी सुरुवात केली. कोणत्या वेळी निघावं, दलदलीत डावीकडची वाट का धरावी, बर्फावर सावली निळी कशी पडते, सगळं त्यांनी असं सांगितलं की मागच्या रांगेतली रडकी पोरंसुद्धा गप्प झाली. घंटेच्या खोऱ्यापाशी आल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. देश कोणता, हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही.

मग प्रश्न आले.

"तठे खावाले काय भेटे?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

"सफरचंदं. पाव. कधी कधी झाडाखाली चीज पडलेलं सापडतं."

"मुक्काम?"

"अंधार पडेल तिथे. शेकोटी पेटवायची."

"आणि नाना?" हे लिलाबाई.

"ते घरीच होते. मी एकटी गेले."

सभागृहात कुजबूज झाली. भागाबाईनं आजूबाजूला अशा अभिमानानं पाहिलं की जणू तीच बहिणीला बर्फात सोडायला गेली होती. नाना पहिल्या रांगेत बसून जमिनीकडे बघत होते. अक्कांना वाटलं, तीस-पस्तीस वर्षं शिकवलं ते आज कुठे पोचलं. त्या इतक्या ताठ मानेनं खाली बसल्या की खुर्चीही जरा सावरून उभी राहिली असावी.

मग तोताराम सर समारोपाला उठले. त्यांनी घसा साफ केला. पुढे नेपाळ येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण आज नेपाळ उपयोगाचं नव्हतं हे सरांनीही ओळखलं होतं.

"सुंदरबाईंनी छान सांगितलं," सर म्हणाले. "हे घंटेचं खोरं मी पाहिलेलं आहे. नेपाळहून परत येताना वाटेत लागलं होतं. खरं सांगायचं तर तळं एवढं काही मोठं नाही. आणि घंटा साधारणच आहे."

अक्कांची कानशिलं तापली. सर खोटं बोलत होते याचा त्यांना एवढा राग आला नाही. पण तळं लहान? घंटा साधारण? त्या उठल्या आणि सरांच्या हातून माइक घेतला. आता आपली अब्रू गेली तरी चालेल, खोऱ्याची जाता कामा नये, असं त्यांना मनापासून वाटलं.

"सर, तुम्ही तिथे गेलेला नाहीत," त्या म्हणाल्या. "ते वाटेत लागत नाही. तिथे जायचं तर कॉम्प्युटरवरूनच जावं लागतं. मीही आमच्या रूपचंदच्या कॉम्प्युटरवरूनच गेले. दुसरा रस्ताच नाही."

झालं. सांगून टाकलं. अक्का डोळे मिटून हशाची वाट बघत उभ्या राहिल्या.

हशा आला नाही. लिलाबाईंनी हलकेच त्यांच्याकडून माइक घेतला. "अक्कांनी जाता जाता फार उपयोगाची माहिती दिली आहे," त्या म्हणाल्या. "तिथलं बुकिंग आता कॉम्प्युटरवर होतं, आणि ते रूपचंदभाऊंच्या क्लासमध्ये होतं. इच्छुकांनी उद्या सकाळी जावं." टाळ्या झाल्या.

"आमच्या वेळी हातानं पावती फाडायचे," तोताराम सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रूपचंद दार उघडायला गेला तर अंगणात बायकाच बायका. भागाबाई मुक्कामाला राहिली होती, ती पुढे उभी राहून रांग लावत होती. "आई," रूपचंद आत येऊन म्हणाला, "या विचारताहेत की स्वेटर इथूनच घ्यायचे की तिथे मिळतात. कुठे जायचंय यांना?"

अक्कांनी चहाचा कप खाली ठेवला. काल एकदा खरं सांगून झालं होतं, आणि त्याचा हा परिणाम झाला होता. आता बोलून भागणार नव्हतं, दाखवावंच लागणार होतं. त्यांनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि खोलीत घेतलं. रूपचंदनं प्लास्टिकची झूल काढली. बायका दाटीवाटीनं मागे उभ्या राहिल्या.

"गाडी नाही, तिकीट नाही, पासपोर्ट नाही," अक्का पडद्याकडे बोट करत म्हणाल्या. "मी गेले ती इथून. एवढंच आहे."

लिलाबाईंचा चेहरा उतरला. द्रौपदाबाई पुढे वाकल्या. "म्हंजे बठ्ठं खोटं शे?"

"बर्फ खोटा आहे," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पण पाहिला मी खरंच."

एवढं म्हणून त्यांनी माउस धरला आणि त्या चालायला लागल्या. पठार आलं, गुलाबी होतं. दलदलीत त्यांनी डावी वाट धरली. काल ऐकलेलं आठवून मागून कोणीतरी "हां, डावीकडेच" म्हणालं. डोंगर चढून त्या खोऱ्यात उतरल्या आणि प्रवाशाला तळ्याच्या काठावर उभं केलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वारा सुटला, आणि टेबलावरच्या दोन छोट्या स्पीकरमधून, बर्फाच्या खूप खालून, घंटा वाजली.

बाहेर जळगावचं ऊन रणरणत होतं. लिलाबाईंनी पदर खांद्यांभोवती लपेटून घेतला.

"तळं मोठंच आहे की," भागाबाई म्हणाली.

"अक्का," द्रौपदाबाई म्हणाल्या, "तठे डावीकडं काय शे? जरा ली चला ना."

अक्कांनी त्यांना डावीकडे नेलं. मग उजवीकडे. मग चहा झाला आणि परत नेलं. त्या आठवड्यात रूपचंदला दुपारची एक वेगळी बॅच सुरू करावी लागली. तिच्यात कोणी टायपिंग शिकलं नाही, पण अक्का हातात छडी घेऊन मागे उभ्या राहायच्या, आणि त्यांच्या वर्गात कोणी राक्षस मारला तर ओरडा खायचा.

पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी काचेच्या दारावर टकटक झाली. तोताराम सर उभे होते. चपला त्यांनी आधीच काढल्या होत्या.

"इकडे काम होतं," सर म्हणाले. "म्हटलं, ते खोरं पुन्हा एकदा बघावं."

अक्कांनी सरांना मधली खुर्ची दिली, नवा प्रवासी काढून दिला आणि माउस हातात ठेवला. सरांनी चष्मा सारखा केला, गावाच्या वेशीतून मोठ्या दिमाखात बाहेर पडले आणि सरळ लांडग्यांच्या टोळीत शिरले. पडदा लाल झाला आणि त्यांचा प्रवासी आडवा झाला.

बायकांनी पदर तोंडात धरले. सरांनी खिशातून रुमाल काढला आणि बराच वेळ चष्मा पुसला.

"मी गेलो होतो तेव्हा तिथे लांडगे नव्हते," ते म्हणाले.

सगळ्या जणी अक्कांकडे बघायला लागल्या.

"आता वाढलेत, सर," अक्का म्हणाल्या, आणि त्यांना पुन्हा गावाच्या वेशीवर आणून उभं केलं.