सराव रद्द, रुग्ण हजर

संकट पूर्वसूचना न देता येतं, आणि त्यामुळे पूर्वतयारी केलेल्या माणसांची फार गैरसोय होते. तयारी नसलेला माणूस ओरडतो, पळतो, हाताला लागेल ते करतो. तयारी असलेल्याला आधी फॉर्म शोधावा लागतो.

बहरीनमधल्या आमच्या हौशी रेडिओ आपत्कालीन संदेश मंडळाला हे चार वर्षांच्या अखंड सरावानंतर कळलं. मी मंडळाचा चिटणीस, शंभू आंगणे. पोटासाठी मनामातल्या एका गोदामात कारकुनी करतो, पण ओळख विचाराल तर चिटणीस.

मंडळ १९७९ साली स्थापन झालं. हेतू उदात्त होता. उद्या वादळ आलं, आग लागली, टेलिफोन बंद पडले, तर आम्ही आमच्या रेडिओसंचांवरून निरोप पोचवायचे. अध्यक्ष ताहिर सरखोत, मूळचे दापोलीकडचे, एका कंपनीत मोजमापाची यंत्रं दुरुस्त करणारे. गुदैबियातल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर मंडळाची एरियल होती, आणि तिच्याच तारेवर त्यांच्या पत्नी झोहराभाभी कपडे वाळत घालत. (चादरी वाळेपर्यंत शहराबाहेरच्या जनाबियाकडचं नीट ऐकू येत नसे. हे निरीक्षण मी १९८१च्या वार्षिक अहवालात नोंदवलं आहे.)

सभासद तेवीस, त्यांपैकी सरकारी परवाना असलेले चार: अध्यक्ष, मी, एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपचा फोरमन रावजी आणि प्लंबर गुंडू. बाकीचे एकोणीस टाळ्या, सूचना आणि चहा यांसाठी. दर शुक्रवारी सकाळी नऊ वाजता सराव. जानेवारी १९८४पर्यंत झालेले सराव दोनशे चौदा, आलेली संकटं शून्य. इतका प्रभावी प्रतिबंध जगात दुसऱ्या कुठल्या संस्थेने केला असेल असं वाटत नाही.

निरोपाचे नियम कडक होते. निरोप पंचवीस शब्दांत बसला पाहिजे. नाव इंग्रजी अक्षरं फोडून सांगितलं पाहिजे, आणि प्रत्येक अक्षराला ठरलेला शब्द. गुंडूला 'जी फॉर गोल्फ' म्हणवेना. "गोल्फ म्हणजे काय तेच मला ठाऊक नाय, तर मी त्याचं नाव कसं घेऊ? जी फॉर गुंडू," तो म्हणे, आणि आम्ही त्याचा एक गुण कापत असू. सरावाच्या निरोपाची सुरुवात 'सराव, सराव, सराव' अशी करायची, म्हणजे ऐकणारा घाबरत नाही. खऱ्या निरोपाची सुरुवात कोणत्या शब्दाने करायची हे ठरवण्यासाठी १९८०मध्ये उपसमिती नेमली होती. 'तातडी' आणि 'खरोखर' या दोन शब्दांना समसमान मतं पडल्यामुळे काम चालू होतं.

सरावाला रुग्ण लागतो. सुरुवातीला आम्ही तांदळाचं पोतं वापरत होतो. पोतं शिस्तीचं होतं, पण त्याला काय होतंय ते सांगता येत नसे. मग ऑक्टोबर १९८३मध्ये रावजीची आई गोदाबाई व्हिजिट व्हिसावर देवगडहून आली. वय सदुसष्ट. सून मंगला दवाखान्यात आयाच्या ड्यूटीवर, मुलगा वर्कशॉपमध्ये, आणि फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या फ्लॅटची खिडकी दिसते. बाई आठवड्याभरातच कंटाळली. रावजीने तिला एका शुक्रवारी सोबत आणलं, आणि मंडळाला रुग्ण मिळाला.

असा रुग्ण पुन्हा होणे नाही. अकरा सरावांत ती तीनदा बेशुद्ध, दोनदा भाजलेली, चारदा हृदयविकार, एकदा विषबाधा आणि एकदा गरोदर झाली. (शेवटच्या प्रकाराबद्दल रावजीने लेखी हरकत घेतली.) ती कण्हायची ती अशी, की खालच्या किराणा दुकानातला केरळी दोनदा धावत वर आला. "आज माका काय झाला हा?" एवढं विचारून घ्यायची आणि आडवी व्हायची. वार्षिक सभेत तिचा सत्कार करायचं ठरत होतं.

वीस जानेवारीचा सराव बारावा. योजना अशी: रुग्ण नईममध्ये, गुंडूच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. आजार, मूत्रखडा. गुंडूने नईमहून निरोप पाठवायचा, अध्यक्षांनी गुदैबियात तो घ्यायचा, मी शेजारी बसून वेळ टिपायची आणि जनाबियातल्या वर्कशॉपमधून रावजीने गाडी पाठवल्याचं नाटक करायचं. रावजीने आठ वाजता आईला नईमला सोडलं आणि तो जनाबियाला गेला.

साडेआठला पाऊस सुरू झाला. या बेटावर पाऊस वर्षातून चार-पाचदा येतो, आणि रस्त्यांना त्याचं पाणी वाहून जायची वाट ठाऊक नसते. पावणेनऊला नईमच्या गल्ल्यांत गुडघाभर पाणी होतं. नऊ वाजता टेलिफोन गेले.

आता कुणाला वाटेल की आमच्या मंडळाचा क्षण आला. पण नियम सात स्पष्ट होता: हवामान खराब असल्यास सराव रद्द. अध्यक्षांनी माइक उचलला.

"सर्व स्टेशनांना कळवण्यात येतं, पाऊस आणि टेलिफोन बंद असल्या कारणाने आजचा आपत्कालीन सराव रद्द. ओव्हर."

गुंडूचा आवाज आला, "ताहिरभाई, रुग्ण झोपलाय इथं. त्याचं काय करू? ओव्हर."

"रुग्णाला बरं वाटू लागलं असं कळव. ओव्हर."

पलीकडून गोदाबाईचा आवाज ऐकू आला. "बरा कित्याक वाटात? मी आताच आडवी झालंय!"

ती चिडून उठली. गुंडू म्हणतो, तो संचाची पिशवी बांधत होता तोवर ती दाराबाहेर पडली. जिना उघडा, त्यावर पाण्याचा ओहोळ. सातव्या पायरीवरून घसरली ती थेट खालच्या वळणावर.

नऊ वाजून अकरा मिनिटांनी गुंडूचा निरोप आला. नमुना म्हणून जसाच्या तसा देतो: "ताहिरभाई, म्हातारी पडली हो! पडली! गोदाबाय पडली!"

"निरोपाची सुरुवात काय आहे? ओव्हर," अध्यक्षांनी विचारलं.

"अहो पडली!"

"सराव रद्द झालाय गुंडू. आता पडायची गरज नाही, तिला सांग. ओव्हर."

"सराव नाय हो हा!"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी नियमावली चाळली. पेच खरा होता. निरोपाच्या आधी 'सराव' शब्द नव्हता, म्हणजे तो सराव नव्हता. 'तातडी' किंवा 'खरोखर' नव्हता, म्हणजे तो खराही नव्हता. मी तसं सांगितलं. अध्यक्षांनी मान डोलावली. आम्ही दोघेही अतिशय शांत होतो, आणि प्रशिक्षणाचं यश ते हेच.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून झोहराभाभी आल्या. हाताला तांदळाचं पीठ. दर शुक्रवारी बारा आठवडे त्या भिंतीपलीकडून सगळं ऐकत आल्या होत्या.

"अहो, ती कण्हत नाहीये," त्या म्हणाल्या.

"मग चांगलंच आहे ना."

"काय चांगलं? दर खेपेला शेजार गोळा होईस्तोवर ओरडते ती. आज गप्प आहे. खरंच पडलीये. सरका."

त्यांनी माइक घेतला. (परवाना नाही, चाचणी दिलेली नाही, हात ओले. मी वेळ टिपली: नऊ तेरा.)

"गुंडूभाई, झोहरा बोलतेय. तिला उचलू नका. शुद्धीवर आहे का?"

"हाय. डोळं उघडं हायत. बोलत नाय."

"पायाची बोटं हलतात का विचारा."

थोडी खरखर झाली. मग गोदाबाईचा आवाज, अगदी बारीक. "हलतत... पण दुखता गो बाय."

झोहराभाभींनी माइक आणखी जवळ धरला. मग म्हणाल्या, "गोदाबाई, मी आहे इथं. हलायचं नाही. रावजीला पाठवतेय. रावजीभाऊ, ऐकताय ना?"

आणि जनाबियाहून रावजी बोलला. तो सगळं ऐकत होता. नियमाप्रमाणे त्याची पाळी येईपर्यंत त्याने बटण दाबलं नव्हतं. "वहिनी," तो म्हणाला, आणि पुढे त्याला शब्दच सुचेनात. पंचवीस शब्दांची मुभा असलेला आमचा सर्वांत उत्तम ऑपरेटर.

"रडू नका. गाडी कसली आहे तुमच्याकडे?"

"व्हॅन. पण रस्त्यात बॉनेटपर्यंत पाणी आहे. नाही यायची."

"मग उंच काय आहे तिथं? इकडेतिकडे बघा."

रावजीने इकडेतिकडे पाहिलं. वर्कशॉपच्या फाटकाशी गोड्या पाण्याचा टँकर उभा होता. कंपाउंडमधल्या बंगल्यांच्या टाक्या भरायला आलेला. ड्रायव्हर महंमद गनी नावाचा पेशावरी, आत बसून केळं खात होता. रावजीने त्याला हिंदीत सांगायला सुरुवात केली, पण "मेरी माँ" यापुढे काही जमलं नाही. गनीने केळं खिडकीबाहेर टाकलं आणि म्हणाला, "यल्ला, बैठो." रावजी संचासकट चढला.

अशा रीतीने, सारं शहर पाण्यात असताना, आमच्या मंडळाने मदत म्हणून पाण्याचा टँकर पाठवला.

वाटेत दर पाच मिनिटांनी झोहराभाभी रावजी, गुंडू आणि गोदाबाई या तिघांशी बोलत राहिल्या. गुंडूला सांगितलं, बाथरूमचं दार काढ. गुंडू प्लंबर, पण त्या दिवशी सुतार झाला. दारावर गोधडी, गोधडीवर गोदाबाई, कमरेला आणि पायाला चादरी बांधलेल्या. मजल्यावरचे चार बंगाली आणि घरमालक, असे पाच जण तिला खाली घेऊन आले. गोदाबाई मधेच म्हणाली, "गुंडू, आज किती गुण गावतले?" गुंडू रडतही होता आणि हसतही होता, आणि संचाचं बटण दाबलेलंच राहिल्यामुळे आम्हाला तीन मिनिटं दुसरं काही ऐकू आलं नाही. (नियम चौदाचा भंग.)

रावजी टँकरमधून उतरला तेव्हा पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत होतं. आईने त्याला पाहिलं आणि त्या सकाळी पहिल्यांदाच मोठ्याने गळा काढला. झोहराभाभींनी ते संचावर ऐकलं, खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "आता ठीक आहे." मग उठून पिठाचं भांडं झाकायला गेल्या.

हॉस्पिटलच्या दारात टँकर अकरा बावन्नला पोचला. पहारेकऱ्याने गनीला सांगितलं, "मफी पाणी, पाणी नको, टाकी भरलेली आहे." पुढे त्यांनी स्ट्रेचर आणलं, रुग्णाचा ताबा घेतला, आणि मंडळाच्या दृष्टीने केस बंद झाली.

अहवाल मी लिहिला. चौदा पानं, तीन तक्ते, एक नकाशा. सारांश देतो. एकूण देवाणघेवाण एकशे सहा निरोप. त्यांपैकी नियमांनुसार एकही नाही. सर्वांत लांब निरोप गुंडूचा, शब्द एक्क्याऐंशी, त्यांत 'अहो' अकरा वेळा. आवाजाची स्पष्टता उत्तम (पावसामुळे गच्चीवर कपडे नव्हते). परवाना नसलेल्या व्यक्तीने संच वापरल्याबद्दल नापसंती, आणि त्याच व्यक्तीचे आभार, असे दोन ठराव एकाच कागदावर मंजूर झाले. खऱ्या निरोपाच्या शब्दाबाबत उपसमितीत तिसरा पर्याय आला, 'अहो पडली'. तो विचाराधीन आहे. वीस तारखेचा रद्द झालेला सराव भरून काढण्यासाठी पुढच्या शुक्रवारी दोन सराव घेण्यात आले. रुग्ण म्हणून पोतं पुन्हा रुजू झालं. त्या दोन्ही सरावांना रावजी गैरहजर होता. रजेचा अर्ज नव्हता.

अहवालाच्या प्रती तेवीस सभासदांना वाटल्या. अक्षरांची वळणं, तक्त्यांची आखणी, नकाशातली दिशा यांवर एकूण एकतीस सूचना आल्या. मला तो अहवाल माझं आजवरचं सर्वांत चांगलं काम वाटत होतं. चोविसावी प्रत मी शिष्टाचार म्हणून झोहराभाभींना दिली. त्यांनी ती दुसऱ्या दिवशी परत पाठवली. शेवटच्या पानावर, सहीच्या खाली पेन्सिलने एकच ओळ होती: "यात बाईंचा पाय कसा आहे ते कुठे लिहिलंय?"

मी सगळी पानं उलटून पाहिली. तसा रकानाच नव्हता. मग मी छत्री घेतली (पाऊस थांबून नऊ दिवस झाले होते, पण हातात काहीतरी असावं असं वाटलं) आणि हॉस्पिटलात गेलो. गोदाबाई उशीला टेकून बसली होती, पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला, आणि शेजारच्या कॉटवरच्या एका बहरीनी म्हातारीला ती हातवारे करून हृदयविकाराने कसं कण्हायचं ते शिकवत होती. मला पाहून म्हणाली, "चिटणीसानु, इलात? बसा. तुम्ही पयलेच." नऊ दिवसांत, रावजी, मंगला आणि झोहराभाभी सोडून, मी पहिलाच होतो. एप्रिलमध्ये ती विमानाच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढली.

हे शेवटचं मी अहवालात जोडलेलं नाही. चोवीस जणांनी तो वाचला आणि एकीने विचारलं, एवढीच नोंद ठेवली आहे. तुम्हाला सांगितलं ते तुम्ही विचारलंत म्हणून नव्हे. तुम्ही बाईला हॉस्पिटलच्या दारात सोडून तक्ते आणि ठराव वाचत पुढे निघालात, तेव्हाच मी वाचणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव पंचविसावं लिहून घेतलं आहे.