पेट्रोलची करवत गेली कुठं?

"सोलापुरात रहस्य म्हणून टिकत नाही, धोंडीराम. कारण मी इथंच राहतो," असं पंचाक्षरीअण्णा रोज सकाळी चहाबरोबर म्हणायचे. जकात नाक्यावर सव्वीस वर्षं त्यांनी ट्रकची ताडपत्री न उचलता आतला माल ओळखला होता. बरोबर एकदाही ओळखला नव्हता, पण ओळखला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी दाराला ‘गुप्त शोधक’ अशी हातभर लांब पाटी ठोकली, म्हणजे गुप्तपणाही संपला. नाक्यावरचा जुना शिपाई धोंडीराम त्यांचा सहायक झाला. पगार नव्हता, पण घरी बसून बायकोचं ऐकण्यापेक्षा अण्णांचं ऐकलेलं बरं, असा त्यानं विचार केला.

खंडेनवमीच्या सकाळी चादरीचे कारखानदार चन्नप्पा यांचं तातडीचं बोलावणं आलं. त्यांच्या कारखान्याभोवती कडुलिंबाची झाडं, आणि फांद्या छपराच्या पत्र्यावर घासायच्या. गेली तेवीस वर्षं कोंडीबा कोयता-कुऱ्हाड घेऊन वर चढायचा आणि त्या छाटायचा. यंदा चन्नप्पांच्या डोक्यात मशीन शिरलं. दुकानदारानं पारखायला दोन करवती ठेवल्या होत्या, एक विजेची आणि एक पेट्रोलची. उद्या दसऱ्याला तो एक परत नेणार, आणि उरलेली चालवायला स्वतःचा माणूस देणार. म्हणजे कोंडीबाच्या पोटावर पाय.

"पेट्रोलची गेली की हो!" चन्नप्पा घाम पुसत म्हणाले. "रात्री दोन्ही कोपऱ्यात होत्या."

"अण्णा, भिंग काढा की," धोंडीराम म्हणाला.

"आज? अरे, खंडेनवमीला हत्यार पुजायचं असतं, वापरायचं नसतं!"

माग बंद होते. त्यांच्यापुढं पूजा मांडली होती. धोटे, पाने, पक्कड, कात्र्या, कोंडीबाचा कोयता, आणि सगळ्यांवर झेंडूचा हा ढीग. अण्णांनी ढिगाच्या शेंड्यावर आपलं भिंग ठेवलं, हात जोडले, प्रसादाचा पेढा तोंडात टाकला आणि नाक वर केलं.

"पेट्रोलचा वास! चोर फटफटीवरून आला."

"इथं? मागांच्या मधून?"

"धाडसी आहे."

भिंतीशी पेट्रोलनं भरलेली बाटली सापडली. "मशीन नेलं, पेट्रोल ठेवलं. म्हणजे चोर पापभीरूही आहे," अण्णा म्हणाले. धाडसी आणि पापभीरू माणूस फटफटीवर कसा दिसेल, ते धोंडीरामच्या डोळ्यापुढं येईना.

"आणि ही बघ, विजेच्या करवतीची वायर तुटलेली. झटापट झाली!"

"न्हाय हो," चन्नप्पा म्हणाले, "ती काल सांजच्याला दुकानदारानंच पुन्हा चालवून दाखवताना कापली. फांदी राहिली बाजूला."

"अण्णा, म्या सांगू का..." दाराशी बसलेला कोंडीबा उठला.

"गप्प! संशयितानं तपासात लुडबुड करायची नसते." आणि हे बोलल्यावर अण्णांच्या लक्षात आलं की आपल्याला संशयित सापडला. "मशीन आलं तर नुकसान कुणाचं? याचं!"

चन्नप्पांचा चेहरा पडला. "कोंडीबा, तुझ्यावर लई भरवसा होता रे. उद्यापास्नं येऊ नको."

कोंडीबानं पागोटं हातात घेतलं. धोंडीरामला फार वाईट वाटलं. हा माणूस चोर असेल तर आपण जिल्हाधिकारी, असं त्याला मोठ्यानं म्हणावंसं वाटलं, पण सवय नव्हती.

तेवढ्यात चन्नप्पांच्या आई सुंदरम्मा नैवेद्याचं ताट घेऊन आल्या. "हे भिंग कुणी टाकलंय हितं? कडाकण्या कुठं ठेवू?" त्यांनी भिंग उचललं, फुलं सारली, आणि खालून हळदकुंकू लावलेले दाते दिसले.

"अय्यो! तुझी करवत तर हितं जेवायला बसलीय की रे!"

"म्याच ठेवली," कोंडीबा म्हणाला. "हत्यार हाय, खंडेनवमीला कोपऱ्यात कसं ठिवायचं? दिवा जवळ हाय म्हून पेट्रोल बाटलीत काढलं. कवाधरनं सांगतोय, पर ऐकतंय कोन?"

"मग दोन्ही का नाही ठेवल्यास?" धोंडीरामनं विचारलं. दिवसभरातला पहिला कामाचा प्रश्न तोच.

"दोन दिस दोन्ही चालवून बघितल्या की. इजेची वायर निम्म्या झाडाला बी पुरत न्हाय. ही जड हाय, पर दोरीनं फांदीला टांगली की झेपती."

"पण मी तर विजेचीच घेणार होतो!" चन्नप्पा म्हणाले.

"आता कसली विजेची?" सुंदरम्मा कडाडल्या. "पुजलेलं हत्यार कुणी दुकानात परत धाडतं का? घरचं झालं ते. आणि ज्यानं पुजलं त्यानंच ते चालवायचं, दुसऱ्याचा हात लागायचा न्हाय!"

चन्नप्पांनी आईकडं बघितलं, मग करवतीकडं. "बरं. उद्या शिलंगण झालं की पहिली फांदी तूच काढ, कोंडीबा. आणि मघाचं मनात ठेवू नको."

"व्हय मालक," म्हणून कोंडीबानं मान खाली घातली. मिशीआड तो हसत होता, ते फक्त धोंडीरामला दिसलं.

अण्णांनी भिंगावरचं कुंकू पुसलं. "बघितलंस? मी यायच्या आधी करवत सापडत नव्हती. माझं भिंग सकाळीच नेमकं तिच्यावर जाऊन बसलं होतं."

"मग बोललं का नाही?"

"खंडेनवमी ना," अण्णा म्हणाले. "आज त्याला सुट्टी."