तेरा हिरव्या टिळ्यांची मोहीम

दाराशी एक खोके. पेढ्यांचा रिकामा पुडा. एकाच पानाच्या बारा नकला. धुक्यात घर कोणीकडे, हा प्रश्न.

ज्या विधात्याने सर्व यंत्रे निर्मिली आणि एकाचे दुसऱ्याशी जमू दिले नाही, त्यास वंदून लिहिले जाते ऐसे जे : शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरी, आषाढमासी, एका राज्यात एक लायब्ररी होती, म्हणजे ऐसा कोड की धुक्यात होडीस बंदराची वाट दाखवावी, परंतु तो दरबारच्या संगणकावरच चाले आणि होडीवरील यंत्र पडले निराळ्या जातीचे. मग हिराजी नाखवा दरबारी आले आणि वदले, "नारळी पुनवेला माझ्या चाळीस होड्या दर्यात जातील. वाट दावणारं काय नसंल तर पोरांना धुक्यात धाडू कसा?" सरकार द्रवले आणि फर्माविते झाले की होडीचे एकच यंत्र कशास, तेरा जातींच्या यंत्रांसाठी घडवा, तेरा हा आकडा सादरीकरणात शोभतो. मोहीम सरदार अच्युतरावांनी पत्करली. दरबारचा रिवाज ऐसा की, बिल्ड, म्हणजे कोडातून चालता माल घडविणे, पार पडून पडद्यावर हिरवा टिळा उमटला की पेढे वाटावेत आणि टिळ्यामागे काय, हे विचारू नये. मग सरदारांनी एक टार्गेट लिहिले, म्हणजे कोणत्या जातीच्या यंत्रासाठी घडवावे त्याचे पान, आणि त्याच्या बारा नकला केल्या आणि मथळे बदलले, आणि आतली ओळ बदलण्यास पराक्रमी पुरुषास फुरसत कोठून असावी. मग तेराही वेळा माल दरबारच्या संगणकाजोगाच घडला आणि त्याच संगणकावर तपासला गेला आणि तेरा टिळे झळकले.

दरबारी सगुणाबाई टिपणीस म्हणून होत्या, त्या म्हणाल्या, "सरदार, तेरा जणांचे जोडे तुम्ही आपल्याच पायात घालून बघताय. होडीचं यंत्र मागवा की."

"मागवलंय, बाई. आलं की बघू. टिळा हिरवा आहे ना? मग पेढा घ्या."

मग माल बंदरी रवाना झाला, आणि पौर्णिमेस दोन दिवस उरता नाखवा आपले यंत्र काखेत मारून परतले आणि ते सरदारांपुढे आपटून वदले, "यो घ्या तुमचा तेरावा मुलूख. म्हनतंय, ही फाइल माझ्यासाठी नाय."

सरदार उमजून वदले, "यंत्रच अडाणी दिसतंय."

मग सगुणाबाईंनी पाने मोठ्याने वाचली : मथळा फोन, आत दरबारचा संगणक, मथळा होडी, आत दरबारचा संगणक, आणि सरदारांस अकस्मात दुसऱ्या बैठकीची आठवण झाली. मग बाईंनी होडीच्या पानातील ओळ बदलली, त्या जातीचा कंपायलर, म्हणजे कोडाचा माल घडविणारा कारागीर, आणविला, आणि टिळ्याकडे ढुंकून न पाहता नाखव्यांचेच यंत्र जोडून त्यास बंदर विचारले, आणि त्याने सांगितले. पौर्णिमेस चाळीस होड्या नारळ वाहून निघाल्या आणि धुके पडले आणि चाळीसच परतल्या.

सारांश, तेरांपैकी एक मुलूख सर झाला, दफ्तरी तेरा लिहिले गेले, आणि सरदारांस बढती मिळाली.

सरदारांनी मागविलेले होडीचे नमुन्याचे यंत्र पहिल्या टिळ्यापूर्वीच आठ दिवस आले होते. दार आपटू नये म्हणून त्याचे खोके दाराशी लावून ठेविले होते.