निवडलेले आणि उरलेले

जगातल्या सर्व गंभीर गोष्टी आधीच ठरलेल्या असतात, आणि त्या समजावून सांगायला पुण्यात एक निवृत्त अधिकारी मिळतोच. येरवड्यात हे काम सुदर्शनराव साळवे यांनी पत्करलं. चर्चच्या रविवारच्या वर्गात त्यांनी कॅल्विनचा सिद्धांत मांडला: कोण तरणार, कोण नाही, हे देवानं सृष्टीच्या आधीच ठरवलंय, त्यात पुण्याचा काडीचाही वाटा नाही. (शहराचा असावा, असं वर्गाचं खासगी मत पडलं.)

शंभर टक्के सभासदांना सिद्धांत पटला, कारण तितकेच टक्के सभासद निवडलेल्यांत होते. फक्त त्यांच्या सासूबाई यमुनाबाईंनी विचारलं, मग प्रार्थना कशाला, देवाला आठवण करून द्यायला? प्रार्थनाही आधीच ठरलेली असते, असं जावयांनी सांगितलं. म्हातारीनं मग न ठरलेल्या दोन मुद्दाम म्हटल्या.

घोळ झाला तो घरी. मेथी निवडता निवडता त्यांच्या पत्नी जयाबाई म्हणाल्या, "अहो, आणि मी?"

सुदर्शनराव सत्यनिष्ठ. "दुसऱ्याबद्दल खात्रीनं सांगता येत नाही."

"आणि स्वतःबद्दल?"

"माझी गोष्ट वेगळी."

जयाबाई चिडल्या नाहीत. उलट शाळेला सुट्टी लागावी तशा खुलल्या. प्रवेशच नाही, तर गृहपाठ कशाला? वर्गासाठी त्या करायच्या तो चहा बंद झाला, खिमा पॅटिस बंद झाले. रविवारी त्या बहिणीकडे लोणी काळभोरला जाऊन झोपाळ्यावर मोठ्यानं गाणी म्हणू लागल्या. सिद्धांत होता तसाच राहिला; वर्ग मात्र सुदर्शनराव आणि एक ऐकू न येणारे गृहस्थ एवढ्यावर आला.

सुदर्शनरावांची झोप उडाली. निवडलेला माणूस आनंदावरून ओळखावा, असं त्यांनीच शिकवलं होतं. आणि घरातला आनंद सगळा बायकोकडे. शेवटी त्यांनीही लोणी गाठलं.

"जया, तू नक्की त्यांच्यात आहेस."

"आणि तुम्ही?"

"तेच विचारायला आलोय."

जयाबाई जरा सरकल्या. "बसा. इथं निवड नसते."

ते बसले. झोका इतका उंच गेला, की त्यांना चक्क हसू फुटलं.

पुढच्या रविवारी चहा सुरू झाला आणि वर्ग ओसंडला. सिद्धांतात किरकोळ दुरुस्ती झाली: उपस्थित सर्वजण निवडलेले. मग उरलेले कोण, असं कुणीतरी विचारलं. प्रत्येकाच्या मनात एकेक नाव तयार होतं.

तुमच्याही मनात एव्हाना आलंच असेल. ते तुमचं नाही, एवढं सांगायला सिद्धांत लागत नाही.