पाचवं ‘का’

शिनगारेकाकांच्या घरी बसायला गेलं की आधी सोफा बोलतो, मग काका. सोफा दुकानातून आला तेव्हाचं प्लास्टिक त्याच्यावर अजून तसंच आहे, आणि सोफ्याला यंदा नऊ वर्षं झाली. उन्हाळ्यात उठायला गेलं की ते मांडीला चिकटून थोडं वर येतं. हाफ पँट घालून एकदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा हाफ पँट घालून जात नाही. टीव्हीच्या रिमोटवर पिशवी, फ्रिजच्या दारावर निळसर पापुद्रा, भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवरसुद्धा पापुद्रा. त्यामुळे काकांकडे किती वाजले ते नेहमी धुक्यातून कळतं. त्या पापुद्र्याच्या सुटलेल्या कोपऱ्याकडे तुम्ही नुसतं बोट नेलंत तरी काका म्हणणार, “राहू द्या. कोरं राहू द्या.”

काका पिंपळे गुरवला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात; आम्ही इथे राहायला येऊन तीन वर्षं झाली. मूळचे बीडकडचे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटीत होते, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. खोट सापडली की त्या भागाला लाल चिठ्ठी बांधायची. रिटायर होताना काका त्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा घरी घेऊन आले, आणि तेव्हापासून आमच्या इमारतीला शांतता नाही. लिफ्टच्या दाराला चिठ्ठी, पाण्याच्या पंपाला चिठ्ठी. एकदा माझ्या बायकोने दिलेल्या लोणच्याची बरणी परत आली, तीही चिठ्ठीसकट: ‘दोष: मीठ.’ बायको आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मला विचाराल तर मीठ जास्तच होतं, पण मी काही चिठ्ठी लिहिणाऱ्यांतला नाही.

कंपनीतून त्यांनी आणखी एक गोष्ट आणली. काही बिघडलं की लागोपाठ पाच वेळा ‘का’ विचारायचं, पाचव्या ‘का’ला खरं कारण हाताला लागतं, अशी त्या कारखान्यांतली रीत आहे. काकांनी ती संसाराला लावली. दूध का नासलं? उशिरा आलं. उशिरा का आलं? असं करत करत त्यांनी दूधवाल्याला असं काही घेरलं की चौथ्या ‘का’ला त्याने किटली उचलली आणि थेट जिना उतरला. मी एकदा कंपनीची बस चुकल्याचं सहज बोलून गेलो, तर चौकशी माझ्या सासुरवाडीपर्यंत पोहोचली. मात्र सगळ्या जगाला पाच ‘का’ विचारणाऱ्या या माणसाने स्वतःला कधी एकही विचारू दिला नाही. तसा प्रयत्न केलाच तर म्हणायचे, “ते राहू द्या.”

गेल्या महिन्यात रविवारी सकाळी काका दारात उभे. “इंजिनेरसाहेब, मोकळं हाय का?”

मी बी.कॉम. आहे. माण गावातल्या एका आयटी कंपनीत दिवसभर रकाने भरतो. पण मी कॉम्प्युटरसमोर बसतो एवढ्या पुराव्यावर काकांनी मला इंजिनिअर ठरवून टाकलंय, आणि त्यांनी एकदा पास केलेला माल ते परत तपासत नाहीत.

आत गेलो तर जेवणाच्या टेबलावर खोकीच खोकी. काका सुट्या भागांतून कॉम्प्युटर जोडणार होते, तोही साधासुधा नाही, चांगला दणकट. या वयात ह्यांना असा कॉम्प्युटर कशाला, हा प्रश्न माझ्या चेहऱ्यावर उमटला असावा, कारण या वेळी न विचारताच उत्तर मिळालं.

त्यांची एकुलती एक मुलगी मनीषा, म्हणजे मनू, बंगळूरला असते. इमारती बांधून झाल्यावर कशा दिसतील याची हुबेहूब चित्रं करणं हे तिचं काम. ते काम घरूनही चालतं, पण त्याला मोठं यंत्र लागतं. “फोनवर म्हणली, बाबा, महिनाभर आले असते, पण तिकडं माझं काम व्हायचं न्हाई. म्हणलं, मशीनचंच अडलंय ना? करू की. बेस्तरवारी येतीय. चाललं तर महिना राहील, न्हाई तर शनवारी माघारी.”

एवढं बोलून ते लगेच स्क्रू मोजायला लागले. माझ्या लक्षात आलं की आज आपला रविवार गेला, आणि गेला ते बरंच झालं.

जोडणी म्हणजे एक सोहळाच होता. कॉम्प्युटरचा सगळा विचार प्रोसेसर नावाच्या एका चौकोनी चकतीत चालतो आणि विचार केला की ती तापते. म्हणून तिच्या डोक्यावर कूलर बसवतात. हा खोलीतला कूलर नव्हे, तर तांब्याच्या तळाचा, पंखा लावलेला एक ठोकळा. दोघांच्या मध्ये करड्या रंगाची पेस्ट लावायची, वाटाण्याएवढी. व्हिडिओतल्या माणसाने ‘वाटाण्याएवढी’ म्हटल्याबरोबर काकांनी व्हिडिओ थांबवला. “ओला वाटाणा का सुका?” मी म्हटलं, अंदाजे. हा शब्द काकांसमोर काढायचा नसतो. ते स्वयंपाकघरात गेले, डब्यातून सुके वाटाणे आणले, कंपनीतल्या मापाने पाच मोजले आणि सरासरी काढली. तोवर माझी बायको चहाला हाक मारायला आली. मी चहा घेऊन परत येईपर्यंत काकांनी पेस्ट लावून कूलर बसवलासुद्धा होता. स्क्रू गाडीच्या चाकासारखे समोरासमोरचे पिळले होते. हळदकुंकू वाहून झालं होतं आणि पुढच्या जाळीवर झेंडूचा हार होता.

बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. काकांनी हात जोडले.

मग मी प्रोसेसरचं तापमान पाहिलं. काही काम नसताना सत्तर. मनूने तपासायला एक इमारत पाठवली होती, ती उघडली आणि आकडा चढत चढत अठ्ठ्याण्णववर गेला. पंखा गिरणीसारखा घोंघावू लागला आणि इमारत दुसऱ्या मजल्यावर अडकली ती अडकलीच.

“लेकराला ताप हाय,” काका म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच कॉम्प्युटरच्या डब्याला उलटा हात लावून पाहिला.

पुढचे दोन दिवस आम्ही वैद्य झालो. हार जाळीवर होता, म्हणजे हवा आत जायची वाटच बंद. तो काढला, दोन अंश उतरले. काकांना वाईट वाटलं, पण त्यांनी हार देवाला घातला. काकांनी डबा शोकेसच्या कप्प्यात बसवला होता, तो बाहेर काढला, आणखी एक अंश. खिडकी उघडली, टेबलफॅन लावला. मंगळवारी संध्याकाळी काका ओल्या फडक्याची घडी घेऊन आले, तेव्हा मात्र मी दोन्ही हात आडवे केले. काका हसले नाहीत. अशा वेळी निदान एखादी चिठ्ठी तरी लिहितील म्हणून मी वाट पाहिली, पण त्यांनी गठ्ठ्याला हात लावला नाही.

बुधवारी माझं घरूनच काम होतं. दुपारी जेवून काकांकडे गेलो. ते प्लास्टिकवर बसून फोनकडे बघत होते. “मनूला सांगून टाकतो,” म्हणाले. “म्हणतो, दोन दिसांसाठीच ये. लेकराचं काम बुडायला नको.”

मला ते ऐकवेना. मी म्हटलं, “काका, कूलर उघडू. आपण सगळं बाहेरून पाहिलं, आतलं पाहिलंच नाही.”

समोरासमोरचे स्क्रू काढले. ठोकळा अलगद वर उचलून उलटा केला. तांब्याच्या तळावर चकचकीत पारदर्शक पापुद्रा, आणि त्या पापुद्र्यावर ती मोजूनमापून घातलेली पेस्ट. पापुद्र्याच्या कडेला इंग्रजीत ठळक लिहिलं होतं की बसवण्यापूर्वी हा काढा.

मी काकांकडे पाहिलं.

“व्हता कागद,” काका शांतपणे म्हणाले. “मीच ठेवला. पातळ हाय, म्हणलं गर्मी जाईल आरपार.”

आता मला हसू यायला हवं होतं. पण तीन वर्षांत पहिल्यांदाच काकांच्या कामात खोट सापडली होती आणि ती मला सापडली होती. ही संधी सोडणारा माणूस मी नव्हे. मी त्यांच्याच आवाजात सुरू केलं.

“प्रोसेसर तापतो. का?”

काका ताठ बसले. सवयच ती. “गर्मी कूलरला पोचत न्हाई.”

“का?”

“मधी कागद हाय.”

“का?”

“मी काढला न्हाई.”

“का?”

“आपल्या घरात काढत न्हाईत.”

मी मोठ्या ऐटीत पाचवं विचारलं. “का?”

 काकांनी सोफ्याच्या हातावरचं प्लास्टिक तळव्याने सपाट केलं.

“ह्यो सोफा आला त्याच आठवड्यात मनूला बंगळूरची नोकरी लागली. मी कव्हर काढाया लागलो, तर मनूची आई म्हणली, राहू द्या. कोरं राहू द्या. पोरगी राहायला आली की काढू. पोरगी येती की, येती. पण दोन दिस, तीन दिस. त्याला काय राहणं म्हणत्यात व्हय? मग जे जे घरात आलं ते तसंच ठेवत गेलो. तीन वर्सांखाली, तुमी हितं यायच्या आधी, ही गेली. आता मी एकट्यानंच कसं काढावं?”

म्हणजे ‘राहू द्या’ हे काकांचं नव्हतंच. तीन वर्षं मी त्या शब्दांची नक्कल करून बायकोला हसवत होतो. मला फार लाज वाटली. मी पापुद्रा ओढून काढला, तळ पुसला आणि पेस्टची नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाटाणा न मोजता पेस्ट लावली.

अडतीस अंश. मनूची इमारत उघडली तर पासष्ट, आणि सगळे मजले गच्चीसकट चढून झाले. पंखा चालू आहे की नाही हे बघायला कान जवळ न्यावा लागत होता. काकांनी गठ्ठ्यातून एक लाल चिठ्ठी काढली, नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिली आणि तो पापुद्रा तिला टाचला. ‘दोष: कागद ठेवला. जबाबदार: बी. एस. शिनगारे.’

गुरुवारी दुपारी मनू आली. पुढच्या रविवारी काकांनी मला चहाला बोलावलं. आतल्या खोलीत ती कानाला हेडफोन लावून काम करत होती. मी सवयीने जरा सांभाळूनच सोफ्यावर बसलो, पण सोफा काही बोलला नाही. निळ्या रंगाचा होता तो. तीन वर्षं मी त्याला राखाडी समजत होतो. समोर घड्याळात लख्ख साडेचार वाजले होते.

“हे बगा,” काका म्हणाले आणि त्यांनी मला वाकून दाखवलं. सोफ्याच्या निळ्या हातावर तळहाताएवढा चहाचा डाग पडला होता. तीस वर्षं खोट दाखवताना त्यांचा चेहरा कसा दिसत असेल याची मला कल्पना आहे. आत्ताचा चेहरा तसा नव्हता.

“मनूनं सांडला,” ते म्हणाले. “हितंच बसती रोज.”

मी उठलो. ताजा डाग थंड पाण्याने निघतो म्हणतात. स्वयंपाकघराकडे वळून म्हटलं, “फडकं आणतो.”

काकांनी माझा हात धरला.

“राहू द्या.”