बाळगोंडाकाकांनी उसनं नेलेलं दुखणं

आमच्या गावात दुखणं उसनं देता येतं. साखर देतात तसंच, वाटीतून. देणाऱ्यानं दुखतं तिथं वाटी टेकवायची, घेणाऱ्यानं ती दोन्ही हातांनी धरून "घेतलं" म्हणायचं. तीन दिवसांत परत करायचं आणि परत करताना वाटी रिकामी द्यायची नाही.

परीक्षेच्या दिवशी पोरांचा ताप आया घेतात. लग्नात नवऱ्या मुलाची दाढ करवली घेते. आमच्या बाळगोंडाकाकांचा गुडघा गेली चार वर्षं काकू वापरते. दर तीन दिवसांनी काका तो परत घेतात, एक कप चहा पितात आणि पुन्हा देतात, म्हणजे नियम मोडत नाही. बायकापोरांनी कर्त्या पुरुषांना दुखणं द्यायला बंदी नव्हती. पुरुषांनी कधी मागितलं नव्हतं, एवढंच.

माझं दुखणं नऊ वर्षांचं. महिन्यातले चार दिवस ओटीपोटात असा पीळ पडायचा की मला सरळ उभं राहता यायचं नाही. सात डॉक्टर झाले. एकानं गॅस सांगितला, एकानं अभ्यासाचा ताण. एकानं माझ्याकडं न बघता आईला विचारलं, "लग्नाचं बघताय का हिच्या?" इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी तीन पेपर नेमके त्या चार दिवसांत आले आणि मी कॉलेज सोडलं. घरात याला 'शलाकाचा आळस' म्हणतात, आणि आळस कुणी उसना घेत नाही. नऊ वर्षांत माझ्या दुखण्याला मिळालेलं हे एकच नाव.

मंगळवारी सकाळी मी फ्रीजसमोरच्या फरशीवर पडले होते. काका पोहे खात होते. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो, मधलेही बरेचसे त्यांचेच असतात.

"आमच्या आईनं सात बाळंतपणं काढली," काका म्हणाले. "कधी हूं केलं नाही."

"तुम्ही विचारलं होतं तिला?"

"बघा जीभ! खरंच दुखत असतं तर एवढी चालली असती?"

"मग घ्या की तीन दिवस."

"शलाका!" आई म्हणाली.

काका हसले. "आण गं वाटी. बघू तरी कुठला डोंगर उचलतीस ते."

दहा वाजून पाच मिनिटांनी ते "घेतलं" म्हणाले. दहा वाजून सात मिनिटांनी फरशीला गाल लावून पडले होते. मी सांगितलं, फ्रीजसमोर जास्त गार असतं. ते तिकडं सरकले.

"भावजी, गरम पाण्याची पिशवी देऊ?" आईनं विचारलं.

"पिशवीनं काय होतंय!" काका किंचाळले. "गाडी काढा! मेलो मी!"

ती पिशवी नऊ वर्षं तेच सुचवत आले होते.

डॉक्टर हेब्बाळे माझे पाचवे डॉक्टर. मला त्यांनी दोन मिनिटं दिली होती, त्यातलं दीड मिनिट फोनवर होते. काकांना बघून ते खुर्चीतून उठले. फॉर्मवर 'दुखणं स्वतःचं की उसनं' असा रकाना असतो. तशा अवस्थेतही काकांनी 'स्वतःचं' वर खूण केली. मुख्याध्यापक राहिलेला माणूस पुतणीचं दुखणं घेऊन आलोय असं लिहून कसा देईल? तासाभरात सोनोग्राफी झाली, दुपारी एमआरआय, संध्याकाळी शहरातून मोठे तज्ज्ञ स्वतःच्या गाडीनं आले.

बुधवारी सकाळी निदान झालं.

"एंडोमेट्रिओसिस," डॉक्टर हेब्बाळे म्हणाले. "गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं, आतड्याला वगैरे चिकटतं. डावीकडं चार सेंटिमीटरची गाठ आहे. फार त्रास असतो यात. सरांनी सोसलं कसं, आश्चर्य आहे."

"पण काकांना गर्भाशय नाही," मी म्हणाले.

"त्याची नोंद घेतली आहे. पण तेवढ्यासाठी कळवळणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवता येत नाही."

शनिवारी सकाळी नऊला दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. मी हिशोब केला. शुक्रवारी काकांनी वाटी एकदा माझ्या हातात देऊन चहा पिऊन परत घेतली, की शनिवारी ते सगळं त्यांच्या पोटातून कापून निघणार आणि परत द्यायला काही उरणारच नाही. मी मोकळी. त्या आनंदात मी पाण्याच्या टाकीच्या एकशे बारा पायऱ्या चढले. काही काम नव्हतं. उतरले आणि परत चढले.

गुरुवारी घरी काकांच्या खोलीत डाळिंबांचा ढीग लागला होता. भेटायला आलेले लोक "सरांचा धीर बघा" म्हणत होते आणि सर उशी चावत होते. रात्री लोक गेल्यावर काकांनी मला जवळ बोलावलं.

"वाटी आण."

"शनिवारपर्यंत ठेवा, काका. मग दोघंही सुटू."

"पोटाला भोकं पाडणार म्हणतात गं!"

"तीनच. बारीक असतात."

"दुखणं तुझं आणि भोकं माझ्या पोटाला?"

"कागदावर तुमचं आहे."

"बोंबलू दे कागद! अडीच दिवस झाले, अडीच! माणसाचं काम आहे का हे?"

"फक्त शनिवार, काका."

काकांनी माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं. दारात काकू त्यांचा गुडघा चोळत उभी होती.

"नसेल घ्यायचं तर राहू दे," काका म्हणाले. "ही घेईल."

काकूनं पदराला हात पुसून दोन्ही पुढं केले.

मी मधे घुसले आणि वाटी धरली. "घेतलं," मी म्हणाले आणि फ्रीजसमोर जाऊन पडले. वाटी रिकामी द्यायची नाही म्हणून काकांनी त्यात उरलेल्या गोळ्यांची पाकिटं घातली होती. चांगल्या जोराच्या गोळ्या होत्या. नऊ वर्षांत मला असल्या कुणी दाखवल्यासुद्धा नव्हत्या.

शुक्रवारी मी वाकत वाकत डॉक्टर हेब्बाळेंकडं गेले.

"काकांचं उद्याचं ऑपरेशन माझ्या नावावर करा. हे माझंच होतं."

"सरांनी 'स्वतःचं' लिहिलंय. सही आहे." त्यांनी नवा केसपेपर काढला. "तुमची सुरुवात पहिल्यापासून करावी लागेल. आधी गॅसची गोळी देतो. दोन महिन्यांनी दाखवा. नाव?"

"शलाका मगदूम."

पेन थांबलं. "बाळगोंडा सरांच्या कोण?"

"पुतणी."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं! घराण्यात आहे हे!" त्यांनी कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात 'काका' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. "वेळ घालवून चालणार नाही. सरांचेच रिपोर्ट लावू. उद्या नऊला या, उपाशीपोटी. कधीपासून दुखतंय?"

"नऊ वर्षं."

"असं कसं? सरांना मंगळवारी सुरू झालं. त्यांच्याकडून आलं ना तुम्हाला? त्याआधी कसं असेल?" त्यांनी 'एक दिवस' लिहिलं आणि कागद माझ्याकडं सरकवला. "इथं सही."

मी सही केली. 'एक दिवस' दहा वेळा लिहिलं असतं तरी केली असती.

शनिवारी पावणेनऊला मला हिरवा गाऊन घालून चाकाच्या खाटेवर झोपवलं. आई पायाशी चालत होती, काकू डोक्याशी, लंगडत. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बाकावर काका बसले होते. इस्त्रीचा सदरा, चेहरा टवटवीत. शेजारी त्यांचे दोन जुने सहकारी.

"एवढ्या लहान वयात?" त्यातल्या एकानं विचारलं.

माझी खाट त्यांच्यासमोरून गेली तेव्हा काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माझ्यावर गेलीय पोरगी," ते म्हणाले.