धोंडीबातात्यांची रोजची मोजणी

आमच्या लोणीतले धोंडीबातात्या रोज दिवेलागणीला कॉम्प्युटरमधले फोटो मोजतात. 'लांडगा आत शिरू नये' म्हणून आधी इंटरनेटची वायर उपटायची, कॅमेऱ्यावर टिकली चिकटवायची, मग पडद्यावर बोट ठेवून एकेक. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. रात्री जाळीत कोंडलेली मेंढरं मोजल्याशिवाय जेवत नसे. पुढं गुडघे गेले, मेंढरं विकली. कॅनडाला जाताना मुलगा कॉम्प्युटर ठेवून गेला. त्यात नातवाचे चारशे बारा फोटो. मुलगा पूर्वी तिकडूनच त्यात टाकायचा.

"तात्या, आकडा खाली आपोआप दिसतो," मी एकदा चारचौघांत म्हणालो.

"लांडग्याला इचारू व्हय, किती ऱ्हायली म्हून?"

सगळे हसले. मी मंचरच्या एका ऑफिसात अठरा वर्षं कॉम्प्युटर चालवतो. तरी लॉटरी लागल्याचा, नाहीतर वीज तोडणार असल्याचा मेसेज आला की गाव तात्यांच्या ओट्यावर. "दार उघडायचं न्हाई, राव. लांडगा कदी 'मी लांडगा' म्हणत येतो का?" एवढ्या एका वाक्यावर त्यांनी निम्मं गाव वाचवलं होतं. परवा माझी बायकोसुद्धा फोन घेऊन तिकडेच निघाली. म्हणाली, "तुमचं सांगणं लई लांबतं. तात्यांचं लगेच कळतं."

ते मला फार लागलं. सांगायला लाज वाटते, पण त्याच संध्याकाळी तात्यांकडे गेलो आणि ते चहा आणायला आत वळताच एका फोटोची दुसरी प्रत करून ठेवली. झाले चारशे तेरा. म्हटलं, चुकू दे मोजणी, उडू दे धांदल. मग येतील माझ्याच दारात.

दुसऱ्या दिवशी खरंच आले. पण लहान पोरासारखे हसत.

"भाऊ, एक वाढला! पोरानं धाडला. दोन वर्सांत पयलाच. पर नवा कंचा, त्येच घावंना. तुमाला त्यातलं कळतं, चला."

हे ऐकायला मी किती वर्षं आसुसलो होतो! आता मात्र मान खाली घालून त्यांच्या मागोमाग गेलो.

शेजारी बसलो. तो फोटो आला. बर्फात एकटाच उभा असलेला नातू. खोटं बोलणं सोपं होतं.

"तात्या, नवा काही आला नाही. ह्याचेच मी दोन केले. तुमचा हेवा वाटत होता मला."

तात्यांनी पडद्यावरच्या त्या दोन्ही फोटोंवर एकेक बोट ठेवलं. मी जादा फोटो पुसायला हात पुढे केला, तर त्यांनी मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या. एवढ्या बर्फात पोरगं एकटंच उभं व्हतं. सोबत झाली."